प्रमाण नाक

पडद्यावर: जुनी सायकल

"बघू," म्हणत तगारेसर माझ्या ओट्यापाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि दाण्याच्या कुटाच्या डब्यात नाक घातलं. नाकाच्या शेंड्याला कूट लागलं, तरी त्यांनी ते पुसलं नाही. डोळे मिटून जरा वेळ तसेच उभे राहिले.

"ठीक आहे."

"नक्की ना, सर?"

"अगं, काल भाजल्यासारखं आहे. कोशिंबिरीत घाल, भाजीत घाल. वाटीभर मला पण दे."

"गेल्या महिन्यातलं आहे ते."

"मग डबा चांगला आहे तुझा. कुठून घेतलास?"

त्यांच्या मागे, फ्रिजवर, वास ओळखणाऱ्या यंत्राचा पंप घुर्र करून थांबला. सर यायच्या आधीच मी चमचाभर कूट त्याच्या काचेच्या बाटलीत टाकून ठेवलं होतं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

जुनी सायकल.

सरांच्या भाषेत जुनी सायकल म्हणजे खवट.

"काय म्हणतंय तुझं भूत?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"अजून विचार करतंय," मी म्हणाले आणि बटण दाबून पडदा विझवला.


पडदा बंद असताना

मला वास येत नाही. मिरजेला नोकरीसाठी आले त्याच वर्षी ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. काही वर्षांनी मी वाट बघणं सोडलं. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढं कळतं. पण वांग्याची भाजी आणि दुधीची भाजी यांतला फरक मला फक्त दाताला लागतो.

लोकांना वाटतं वास न येणं म्हणजे मोगरा नाही, अत्तर नाही, तुपातली फोडणी नाही. ते काय, चालून जातं. वास न येणं म्हणजे दिवसातून दोनदा अंघोळ. धुतलेले कपडे पुन्हा धुणं. ऑफिसात कोणी जरा लांब सरकून उभं राहिलं की घरी येईपर्यंत डोक्यात तेच. विचारायचं कोणाला? हे विचारायला माणूस फार जवळचं लागतं, आणि मी एकटी राहत होते.

तगारेसर भिंतीपलीकडे राहायचे. एकाच घराचे दोन भाग केलेले, परसात दोघांची मागची दारं शेजारी शेजारी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, बायको गेली होती, एकुलती मुलगी वैजयंती लग्न होऊन बडोद्याला. मी राहायला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या गॅसची नळी सुटली आणि मी शेजारच्या खोलीत शांतपणे पुस्तक वाचत बसले होते. सर परसातून ओरडत आत आले. आधी गॅस बंद केला, मग मला शिव्या दिल्या, मग मला वास येत नाही हे कळल्यावर खाली बसून राहिले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, ते मागच्या दाराने आत यायचे. गॅसची नळी, दूध, सकाळची उरलेली आमटी, बाथरूमची जाळी, अशी फेरी. एकेका वस्तूला "ठीक आहे" किंवा "फेक." मग चहा. फेरीला पाच मिनिटं लागायची. चहाला अंधार पडायचा.

एकदा धीर करून मी विचारलं, "सर, माझ्या घराला कसला वास येतो?"

"गरम इस्त्रीचा," ते लगेच म्हणाले. "आणि तुझ्या त्या सोल्डरिंगच्या धुराचा. बरा असतो. कोणीतरी राहतंय हे कळतं."

त्या दिवशी मी एकदाच अंघोळ केली.


पडद्यावर: सुट्टीनंतर उघडलेली पेटी

कुपवाडच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती. दूध गोळा करणाऱ्या केंद्रांसाठी आम्ही नाक बनवत होतो. शेजारच्या टेबलावर जीभ बनत होती, म्हणजे बारीक तारांचा एक जुडगा. तो ताकात बुडवायचा आणि ताक किती आंबलंय ते आकड्यांत वाचायचं.

"नाक झालं, जीभ झाली. तोंड कधी करताय?" सरांनी विचारलं होतं.

"तोंड साहेबांकडे आहे," मी म्हणाले होते.

खरं सांगायचं तर यंत्राला वास येत नसतो. त्यात आठ लहान तबकड्या असतात. हवा त्यांच्यावरून गेली की प्रत्येकीतून वाहणारी वीज थोडी कमी-जास्त होते. आठ आकडे मिळतात, बस. त्या आठ आकड्यांना नाव माणसाने द्यायचं, तेही पुन्हा पुन्हा, यंत्राच्या लक्षात राहीपर्यंत. त्यासाठी नाकं लागतात. आम्ही माणसं बोलवायचो, बाटल्या हुंगायला द्यायचो. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत कंटाळायचे. मी सरांना घेऊन गेले, ते कंटाळले नाहीत. आमच्या घाटगेसाहेबांनी त्यांना पदवीच देऊन टाकली: प्रमाण नाक. म्हणजे इतरांचं मत त्यांच्याशी ताडून बघायचं, आणि यंत्राचंही.

अडचण आली ती शब्दांची. साहेबांना तीनच शब्द हवे होते. चांगलं, संशयास्पद, खराब.

"हे शब्द आहेत?" सर म्हणाले. "हे निकाल आहेत."

ते बाटली हुंगायचे, भिंतीकडे बघायचे आणि सांगायचे, "न्हाव्याकडचा टॉवेल." "उन्हात विसरलेली पाटी." "सुट्टीनंतर उघडलेली पेटी."

"सर, हे दूध आहे."

"मग दुधाला सांग, मला काय सांगतेस."

कंपनीच्या यंत्रात साहेबांचे तीन शब्द गेले. पहिलं बोजड यंत्र मोडीत निघालं, तेव्हा मी ते मागून घेतलं, घरी आणलं, फ्रिजवर ठेवलं आणि त्यात सरांचे सगळे शब्द भरले. पुढचं वर्षभर रोज संध्याकाळी सर हुंगायचे, यंत्र हुंगायचं, आणि दोघांचं जमलं की सर नातवाने पहिला शब्द उच्चारल्यासारखे हसायचे. सर चहा पिऊन गेले की घरात यंत्र एकटंच बोलत राहायचं. त्यांच्यासारखं.


पडद्यावर काही नाही, फोन वाजतोय

"शुभदा, बाबा जवळ नाहीत ना?"

"नाहीत. पलीकडे आहेत. का गं वैजू?"

"खरं सांग. कसे आहेत?"

"छान आहेत. काल तासभर माझं डोकं खाल्लं."

"ते खाणारच. म्हणजे बाकी काही... विसरतात का? गॅस चालू राहिला, दूध उतू गेलं, असं काही?"

"नाही."

"हे बघ, मी मे महिन्यात येतेय. ह्यांनी खालची खोली रिकामी केलीय, रंग दिलाय. बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, मी इथे ठणठणीत आहे. असतीलही. तू रोज बघतेस त्यांना, मला काय इथून कळणार?"

"मग मी सांगतेय ना."

"एक जरी गोष्ट घसरतेय असं वाटलं ना, तर मला सांगायचं. मी येईन ती त्यांना घेऊनच जाईन."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर राहू देत बाई तिथेच. तू आहेस म्हणून मला झोप लागते."

"काही घसरत नाहीये, वैजू."

हा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी कुटाच्या डब्यात नाक घातलं.


पडद्यावर: जुनी सायकल, परत

यंत्राचं आणि प्रमाण नाकाचं जमलं नाही तर काय करायचं, याचा आमच्याकडे नियम होता. यंत्र दुरुस्त करायचं. कापड आणि पट्टी यांत फरक पडला तर कोणी पट्टी कापत नाही.

सर गेल्यावर मी यंत्र उघडलं. जुनं होतं, उन्हाळा होता, तबकड्यांवर धूळ बसली असेल. पुसून घेतलं, गरम केलं, गार होऊ दिलं. पुन्हा कूट टाकलं.

जुनी सायकल.

मी कूट चाखून बघितलं. जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडू लागलं. दाणे कधी कधी मुळातच कडू निघतात.

यंत्राला एक बटण होतं, त्यावर मीच स्केचपेनने लिहिलं होतं: शिकव. ते दाबायचं आणि बरोबर उत्तर द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी यंत्र त्या आठ आकड्यांना तेच नाव देतं. मी बटण दाबलं आणि लिहिलं: ठीक.

मग सुकं खोबरं.
यंत्र: न्हाव्याकडचा टॉवेल.
सर: ठीक आहे.
शिकव.

मग तुपाची बरणी.
यंत्र: उघडलेली पेटी.
सर: ठीक आहे. छान कणी पडलीय.
शिकव.

मग माझ्या बाथरूमची जाळी.
यंत्र: डबकं.
सर: ठीक आहे. मी कडेला वाकून बघितलं, पाणी तुंबलेलं दिसत होतं.
शिकव.

यंत्र हळूहळू सुधारत गेलं. एप्रिल संपेपर्यंत त्याचं आणि सरांचं पुन्हा जमायला लागलं. "फेक" हा शब्द मी बराच काळ ऐकला नव्हता.


पडद्यावर: सडका कोबी

सरांनी लिंबाचं लोणचं घातलं होतं. मुरलं का नाही हे यंत्राला विचारू, म्हणून त्यांनीच मला बोलावलं. मी यंत्र उचलून त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं, टेबलावर ठेवलं, तार जोडली. बाटलीत लोणचं टाकायच्या आधी ते खोलीतली हवा ओढतं.

सडका कोबी.

"सर, कोबी आणलाय का?"

"कोबी? मी? कोबी हा चित्र काढायचा पदार्थ आहे, खायचा नाही."

"काही सडतंय का बघता? हे तसं म्हणतंय."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. बादलीत वाकले, ओट्याखाली वाकले, खिडकीत गेले. शेगडीपाशी थोडे जास्त वेळ थांबले. नळीवरून बोट फिरवलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ.

"ठीक आहे," म्हणाले.

"नक्की?"

"तुझं भूत म्हातारं झालं, शुभदा."

शिकव. ठीक.

त्या यंत्राला आम्ही शेकडो वासांची नावं शिकवली होती. गॅस हा शब्द त्यात नव्हता. कधी गरजच पडली नाही. गॅससाठी सर होते.


पडद्यावर: ठीक

वैजूची गाडी रविवारी सकाळी यायची होती. आदल्या संध्याकाळी फेरी झाल्यावर सर दारात रेंगाळले.

"उद्या इकडेच ये चहाला. साक्षीदार म्हणून."

"कसली साक्ष?"

"मी ठणठणीत आहे याची. तुझं ती ऐकते. आणि हे आण." त्यांनी यंत्राकडे हनुवटी केली. "वैजूने बघितलं नाहीये अजून. ती आली की पहिलं वाक्य याला बोलू दे. बापाचा आवाज ओळखते का बघू."

मी सकाळी गेले तेव्हा घर चकाचक होतं. सरांनी नवी चादर घातली होती, दाढी केली होती, हनुवटीवर कापलंही होतं. शेगडीवर पातेलंभर दूध ठेवलेलं. माशा येतात म्हणून खिडकी बंद. आम्ही बाहेरच्या खोलीत पुस्तकं नीट लावत होतो तेवढ्यात आतून चर्र आवाज आला.

"गेलं उतू!"

धावलो. दूध सगळ्या शेगडीवर पसरलं होतं, ज्योत विझली होती. सरांनी पातेलं उचललं, मी फडक्याने पुसलं, त्यांनी दुसऱ्या फडक्याने परत पुसलं.

"हे वैजूला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"काय सांगायचं नाही?"

"शाब्बास."

मग आम्ही टेबलापाशी बसलो. मी यंत्र सुरू केलं. पंप घुरघुरायला लागला, दर थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं येत होती. ठीक. ठीक. सर बडोद्याच्या उन्हाबद्दल बोलत होते. तिथे म्हणे दुपारी कुत्रीसुद्धा माणसाला ओळख देत नाहीत. जावई चांगला आहे पण फार हळू बोलतो, त्यामुळे भांडताच येत नाही. त्या खालच्या खोलीला पिवळा रंग दिलाय, फोटो आला होता.

"कसला पिवळा?"

"दवाखान्यातला. तिथे मी काय करणार गं? संध्याकाळी कुठे जाणार?"

"तुम्ही जात नाही आहात."

"तेच. तू सांग तिला तसं." ते उठले, देवाच्या फळीवरून उदबत्तीचा पुडा घेतला, काडेपेटी घेतली. "उदबत्ती लावतो. दूध करपलंय, तिला दारातच कळेल." एक काडी बाहेर काढली आणि थांबले. शेगडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"करपल्याचा वास येतोय का गं अजून?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"मला विचारताय?"

काडी त्यांच्या दोन बोटांत होती. पंप घुरघुरत होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी मला ते ओळखीचं वाटलं. आरशात बघितलं होतं बहुतेक.

"सर," मी म्हणाले. "तुम्हाला..."

"बाबा! गॅस!"

वैजू परसातून आत आली ती बॅग तिथेच टाकून. तिने शेगडीचं बटण पिळलं, खिडकी धाडकन उघडली, सरांच्या हातातली काडेपेटी ओढून परसात भिरकावली आणि आम्हा दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. बटण चालूच होतं. ज्योत विझलेली दिसली म्हणून सरांना वाटलं मी बंद केलं, मला वाटलं त्यांनी.


परसात, पडदा आत राहिला आहे

"दोघं बसलायत काय! गप्पा मारत! फाटकापर्यंत वास येतोय!" वैजू ओरडत होती. "हिचं मला माहीत आहे. पण बाबा, तुम्हाला? तुम्हाला वास नाही आला?"

"त्यांना सर्दी झालीय," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"परवापासून."

"दिवाळीपासून," सर म्हणाले.

ते धुण्याच्या दगडावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"दिवाळीपासून सर्दी?" वैजूने विचारलं.

"सर्दी नाही गं. वास. चकल्या तळत होतो तेव्हा लक्षात आलं. तेल तापलंय का कळेना. म्हटलं दोन दिवसांत येईल."

आत पंपाचा आवाज येत होता. सरांनी तिकडे मान वळवली.

"हे का नाही बोललं?"

"बोलत होतं," मी म्हणाले. "ठीक म्हणत होतं."

"एवढ्या गॅसला?"

"त्याला तसं शिकवलं."

"कोणी?"

सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली.

"कोबी," ते म्हणाले.

"हो."

"नळीतून तेव्हाच थोडा थोडा येत असणार."

"हो."

"आणि तुझ्याकडे? तुझ्या गॅसलाही मी रोज ठीकच म्हणत होतो."

"सर, दिवाळीपासून? मग सांगायचं होतं ना मला."

"काय सांगू?" त्यांचा आवाज चढला. "नाक नाही म्हटल्यावर संध्याकाळी तुझ्याकडे कशासाठी येणार होतो? तुझ्या स्वयंपाकघरात माझं काम काय मग?"

वैजू एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिच्या खांद्यावर अजून प्रवासातली पर्स होती.

"आणि तू?" सर म्हणाले. "तू इंजिनीअर. यंत्र रोज एक म्हणतंय, मी दुसरं म्हणतोय. तुला कळलं नाही?"

"प्रमाण नाक तुम्ही होतात."

"शुभदा."

परसातल्या तारेवर त्यांचे दोन शर्ट वाळत होते. मी त्या शर्टांकडे बघत म्हणाले, "कूट कडू लागत होतं."

सरांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग वैजूला म्हणाले, "परतीची गाडी कधीची आहे तुझी?"

"शुक्रवारची. बाबा, आपण नंतर बोलू. चहा घ्या आधी, मी करते."

"माझं तिकीट काढ," सर म्हणाले.


पुढचं आधी सांगते

बडोद्याला ते चार-पाच वर्षं होते. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. जावयाला मोठ्याने बोलायला शिकवलं म्हणाले. सोसायटीतल्या मुलांना चित्रकला शिकवत होते, गणपतीत त्यांनी मुलांकडून आख्खी भिंत रंगवून घेतली. वास परत आला नाही. मी विचारायचे, ते म्हणायचे, "तुझा?" मी म्हणायचे, "नाही." मग आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो. नंतर फोन महिन्याने यायला लागला, मग वैजूचाच यायचा, मग एकदा वैजूने सकाळीच केला आणि मला कळलं.

त्यांच्या घरात दोन-तीन भाडेकरू येऊन गेले. माणसं चांगली होती. मागचं दार ती बंद ठेवायची.

माझ्या स्वयंपाकघरात आता गॅस सुटला की किंचाळणारी डबी आहे, बाजारात मिळते ती. ते जुनं यंत्र मी दुरुस्त करायला घेतलं होतं. दिवाळीच्या आधीचे सर ठेवायचे आणि नंतरचे काढायचे, असा विचार होता. पण यंत्र तारखेने शिकत नाही. आधीचं आणि नंतरचं त्यात एकत्र मुरलेलं असतं. कुठलं "ठीक" खरं आणि कुठलं नुसतं म्हटलेलं, हे त्यालाही सांगता येईना. शेवटी मी सगळे शब्द पुसले. आता त्याला काहीही हुंगायला दिलं की ते आठ आकडे दाखवतं आणि गप्प बसतं.

हे सगळं नंतरचं. मला सांगायचा होता तो ते जायच्या आदल्या दिवशीचा गुरुवार.


पडदा नाही

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. पुढच्या दाराची. पुढच्या दाराने माझ्याकडे फक्त सिलिंडरवाला आणि मीटर वाचणारा यायचा, म्हणून मी जरा घाबरतच उघडलं.

तगारेसर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, पायात चपला. परसातून ते अनवाणी यायचे. चपला त्यांनी दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवल्या.

"मागचं दार उघडं आहे, सर."

"माहीत आहे."

"मग?"

"मागच्या दाराने कामाला येत होतो. आज काम नाही."

ते बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर ते कधी बसलेच नव्हते. आमचं सगळं स्वयंपाकघरात व्हायचं. त्यांनी हात ठेवायला जागा शोधली, मग मांडीवर ठेवले. पाहुण्यासारखे भिंतीकडे बघायला लागले.

"कॅलेंडर चांगलं आहे," म्हणाले.

"बँकेचं आहे. चहा ठेवते."

"नको. ठेवलास तर मला उठून दुधात नाक घालावंसं वाटेल."

मी समोर पलंगावर बसले. आजवर आमच्यात नेहमी काहीतरी असायचं, आमटी, तुपाची बरणी, यंत्र. आता मध्ये नुसती फरशी होती.

"अशा वेळी काय बोलतात?" सरांनी विचारलं.

"मला काय माहीत? माझ्याकडे कोणी येत नाही."

"माझ्याकडे पण."

दोघांना हसू आलं. सर खुर्चीत थोडे मागे टेकले. पाय लांब केले. खिडकीतून समोरच्या गिरणीचा आवाज येत होता, कोणाचं तरी शेवटचं दळण चाललेलं. मग गिरणी बंद झाली. खोलीत अंधार व्हायला लागला.

"दिवा लावू?" मी विचारलं.

"बस गं."

मी बसले.

पलीकडून वैजूची हाक आली. "बाबा, जेवायला चला!"

सर हलले नाहीत. थोड्या वेळाने दुसरी हाक आली, जरा मोठी, परसाच्या दारातून.

दोघांचेही कान चांगले शाबूत होते. कोणीच उठलं नाही.